शटरवरचा सूर्य

त्या सकाळी मला कुणाचा फोन आला नाही. काशीगावहून बसनं भाईंदर पश्चिमेला उतरले, स्टेशनाजवळच्या गल्लीत वळले आणि समोर सूर्य दिसला. पिवळाधमक, कडेला जरा नारिंगी, जवळजवळ माझ्या खांद्याएवढा... आणि पाय तिथंच थांबले. कामाच्या दिवशी, दुकानं उघडून गेल्यावर, तो सूर्य दिसायलाच नको होता.

विजूमावशीच्या चष्म्याच्या दुकानाच्या शटरवर तो रंगवलेला होता. दुकान उघडलं की शटर वर जायचं आणि सूर्य गुंडाळला जायचा, दुकान बंद झालं की उगवायचा. "अंधार पडल्यावर सूर्य उगवणारी ही एकच गल्ली आहे जगात," असं ती गिऱ्हाइकांना कौतुकानं सांगायची. मणक्यातल्या गाठीमुळे ती शेवटचे काही महिने वरच्या मजल्यावरच्या घरात पडून होती. पण तिची धाकटी बहीण शालनमावशी रोज सकाळी खाली येऊन दुकान उघडत होती. तयार चष्मे लोकांना मिळायला हवेत, कुणी आंधळं राहायला नको, असा ताईचा हुकूम होता. त्यामुळे त्या वेळी शटर खाली असण्याचा अर्थ एकच होता. शेजारच्या झेरॉक्सवाल्या भैयांनी मला उभी पाहिलं आणि हळूच म्हणाले, "दीदी, ऊपर जाओ. सब ऊपर हैं."

वर गेले तेव्हा नेत्रदानाची माणसं नुकतीच येऊन गेली होती. आयुष्यभर लोकांच्या डोळ्यांपुढे काचा धरल्या, जाताना डोळेच देऊन गेली. मला रडू यायच्या आधी हसू आलं, कारण ती असती तर नक्की म्हणाली असती, "नंबर तपासून द्या हं त्यांना."

विजूमावशी माझी सख्खी मावशी नव्हे. तिची माझी ओळख भांडणातून झाली, आणि ते भांडण मी हरले. आमच्या घरात वर्तमानपत्राआधी पत्रकं यायची. बाबा रत्नागिरीहून इथं कारखान्यात आले, युनियनमध्ये गेले, आणि पलंगाखाली कपड्यांच्या बॅगांऐवजी पत्रकांचे गठ्ठे आले. मी अक्षरं त्यांच्यावरच गिरवली. 'बंधू-भगिनींनो' हा मी वाचलेला पहिला शब्द असेल. कॉलेजात गेल्यावर मी माझं स्वतःचं पहिलं पत्रक काढलं. साडेसाती उतरवून देतो म्हणणाऱ्या एका बुवाचे फलक तेव्हा गावभर लागले होते, त्याच्याविरुद्ध. मथळा होता, 'शनी नावाच्या दगडाला घाबरू नका!' शेवटी दोन उद्गारचिन्हं जास्तीची. ते वाटत वाटत मी मावशीच्या दुकानात शिरले. तिनं ते भिंग लावून वाचलं. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, छापखान्याच्या नावासकट.

"हे तू लिहिलंस?"

"हो."

"शनी दगड आहे?"

"मग काय देव आहे?" मी तयारीतच होते.

"देव नाही. पण दगडही नाही गं बाई. वायूचा गोळा आहे तो. त्याच्यावर उभं राहायला जमीनच नाही. आणि एवढा हलका की मावेल एवढं पाणी मिळालं तर तरंगेल. आपल्या खाडीत सोडलास तर ओहोटीबरोबर निघून जाईल समुद्रात." भिंग खाली ठेवून तिनं माझ्याकडे पाहिलं. "ज्याच्यावरून भांडायचंय, त्याची आधी नीट ओळख करून घे. नाहीतर तो बुवा येऊन म्हणेल, या मुलीला शनी ठाऊकच नाही. आणि ते खरंच असेल."

मी पत्रकं परत मागितली. तिनं दिली नाहीत. "वाया कशाला घालवायची? बाकी मजकूर चांगला आहे," म्हणाली, आणि बसल्या बसल्या प्रत्येकावरचा 'दगडाला' खोडून त्यावर 'गोळ्याला' लिहू लागली. पुढे कितीतरी दिवस भाईंदरमधल्या चष्म्यांच्या डब्यांतून ते दुरुस्त पत्रक लोकांच्या घरी जात राहिलं. माझं कुठलंच लिखाण त्यानंतर इतक्या बारकाईनं वाचलं गेलेलं नाही, कारण ज्यांच्या हाती ते पडलं ते नवा चष्मा लावून आधी तेच वाचत. त्या दिवसापासून मला तिनं नावानं हाक मारली नाही. "आलं का पत्रक?" असंच विचारायची.

भौतिकशास्त्र शिकून ती चष्म्यांकडे वळली होती. लग्न केलं नव्हतं. तिची लढाई आणि माझी लढाई एकच होती, पण मला ती कधीकधी फार मऊ वाटायची. मी लोकांना सांगायचे, मानू नका. ती म्हणायची, बघा तरी. एकदा एक बाई आपल्या मुलीचा चष्मा न्यायला आली. मुलीला कडक मंगळ म्हणून ठरत आलेलं लग्न मोडलं होतं, आणि आई ते दुकानात उभ्या उभ्या सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगत होती. मुलगी काचेच्या काउंटरकडे बघत होती. माझ्या ओठांवर अख्खं भाषण आलं होतं. मावशीनं हात वर करून मला गप्प केलं, उठून खिडकीच्या गजावर बोट घासलं आणि लालसर झालेलं ते बोट मुलीच्या नव्या चष्म्यासमोर धरलं.

"हा बघ मंगळ. गंज आहे नुसता. तिथल्या धुळीत लोखंड आहे, ते गंजलंय, म्हणून तो लाल दिसतो. पृथ्वीच्या निम्म्या रुंदीचा, थंडगार, एवढीशी हवा असलेला. दिवस जवळजवळ आपल्याएवढाच, वर्ष मात्र आपल्या दोन वर्षांना थोडं कमी. त्याला बिचाऱ्याला तुझं नावही माहीत नाही."

"पण पत्रिकेत..." आई म्हणाली.

"ताई, या खाऱ्या हवेत भाईंदरमध्ये सगळ्यांनाच मंगळ आहे. माझ्या शटरला तर सर्वांत कडक. दरवर्षी रंग द्यावा लागतो."

मुलगी हसली. आईसुद्धा हसली, जरा उशिरानं. त्या घरात पुढे काय झालं मला माहीत नाही. मी त्या वेळी चिडले होते, की नुसतं हसवून काय होतं? मावशी म्हणाली, "हसताना माणूस घाबरत नाही. तेवढ्या वेळात एक गोष्ट आत जाते."

सूर्याची कल्पना त्याच शटरच्या गंजातून निघाली. रंग द्यायचाच आहे तर सूर्य काढू, आणि सूर्य काढायचा तर मापानं काढू. एक मिलिमीटर म्हणजे हजार किलोमीटर, असं माप तिनं धरलं. मग बाकीचे ग्रह कुठे येतात ते बघायला आम्ही दोघी रविवारी टेप घेऊन निघालो. बुध गल्लीतच बसला, मिरीच्या दाण्याएवढा. शुक्र कोपऱ्यावरच्या केमिस्टच्या पायरीशी आणि पृथ्वी रस्त्याच्या वळणावर, दोन्ही टपोऱ्या काबुली चण्याएवढे. "ही शेजारीण," शुक्राचा चणा पायरीच्या भेगेत सिमेंटनं बसवताना मावशी म्हणाली, "आकारानं बहीण शोभेल, पण आत शिसं वितळेल एवढी भट्टी. आणि फिरते उलटी. तिकडे सूर्य पश्चिमेला उगवतो." गुरूपर्यंत पोचायला मात्र चांगलंच चालावं लागलं. तो मोठ्या नारळाएवढा. त्याच्या पुढे, तेवढंच अंतर पुन्हा चालून गेलं की, शनी. त्याची कडी म्हणून स्टीलचं जेवणाचं ताट मधोमध गोल कापून घ्यायचं होतं. भांडीवाला शेठ हैराण झाला. "मॅडम, थाली में छेद? फिर खाना किस में खाओगे?" मावशी म्हणाली, "शनी को खिलाना है." त्यानं तिच्याकडे एकदा पाहिलं आणि ताट कापून दिलं.

मुलांना घेऊन ती या रस्त्यानं चालायची. आधी दाटीवाटीनं चार लहान दाणे, मग नुसतं चालणं, चालणं, एक नारळ, मग आणखी चालणं. मुलं कंटाळून विचारायची, आता काय आहे मध्ये? ती म्हणायची, "काही नाही. हेच तर दाखवायला आणलंय तुम्हांला." मग सांगायची, याच मापानं सूर्याच्या सगळ्यात जवळचा तारा गाठायचा असेल, तर चालत चालत पृथ्वीला पूर्ण फेरी घालून पुन्हा याच शटरपाशी यावं लागेल. मुलं एकदम गप्प व्हायची. मी कितीतरी सभा पाहिल्या आहेत, इतकी शांतता कुठं पाहिली नाही.

युरेनस मुर्धा गावी आला. तिथं रस्त्याला लागून हरेश्वरदादांचं घर, पुढे ओटा. मासेमारी आता मुलगा बघतो, दादा ओट्यावर बसून जाळी दुरुस्त करतात. बाजूला उंच इमारतींची कामं चाललेली असतात, आणि दादा त्यांच्याकडे पाठ करून बसतात. मोठ्या लिंबाएवढा निळसर हिरवा चेंडू, त्यातून आरपार गेलेली एक बारीक दांडी, आणि ती दांडी धरणारी लोखंडी बेचकी, असा युरेनस आम्ही त्यांच्या ओट्याच्या कडेला बसवला. दांडी म्हणजे त्याचा आस. बाकीचे ग्रह भोवऱ्यासारखे कमीजास्त उभे फिरतात, हा एकटा आडवा पडून सूर्याभोवती फिरतो. म्हणून दांडी आडवी, नुसती आडवी नाही, जराशी पलीकडे कललेली.

पुढच्या रविवारी गेलो तर दांडी उभी. मावशीनं ती आडवी केली. त्याच्या पुढच्या रविवारी परत उभी. मला वाटलं मुलं चाळे करताहेत, मी तिथं एक सूचना लावायच्या विचारात होते. मावशी म्हणाली, "थांब, विचारू या." दादांनी स्वतःच सांगितलं.

"मीच उभा केला, ताय. सकाली बघतो तं पडलेला. कोनाचा पडलेला बघवत न्हाय ना."

"दादा, तो पडलेला नाही. तो तसाच असतो."

"आडवा?"

"आडवाच. फार पूर्वी, लहान असताना काहीतरी मोठं येऊन आदळलं असणार त्याच्यावर, असं म्हणतात."

"मंग कोनी उचलला न्हाय त्याला?"

मावशी ओट्यावर त्यांच्याशेजारी बसली. "उचलायची गरज पडली नाही. त्याचं चालू आहे. सूर्याभोवती एक फेरी मारायला चौऱ्याऐंशी वर्षं लागतात त्याला. आपण सहस्रचंद्रदर्शन करतो ना, त्याच्याही पुढे जाऊन त्याचा पहिला वाढदिवस. आणि आडवा असल्यामुळे त्याच्या टोकावर बेचाळीस वर्षं उजेड, मग बेचाळीस वर्षं अंधार."

"बेचालीस वर्सं लाइट न्हाय?" दादा म्हणाले. "आमच्या मुर्ध्यासारखाच हाय की मंग तो."

त्यानंतर दादांनी जाळ्याच्या दोरीनं ती दांडी बेचकीला आडवी बांधून टाकली. येणाऱ्याजाणाऱ्या कुणी हात लावला तर ओट्यावरूनच ओरडायचे, "ए! त्याला झोपू दे." नेपच्यून राई गावाच्या पुढे, त्याच्याच जोडीचा, किंचित लहान. तिथवर फार कमी लोक आले. मावशीला त्याचं वाईट वाटायचं नाही. "तो स्वतः सूर्यापर्यंत कधी येतो?" म्हणायची.

मावशीच्या मणक्यात गाठ आहे हे कळलं तेव्हा उशीर झालेला होता. पाठीवर झोपता येईना. डाव्या कुशीवर, भिंतीकडे पाय घेऊन ती पडून राहायची, खिडकीतून तिला फक्त समोरच्या इमारतीची टाकी दिसायची. मी पहिल्यांदा भेटायला गेले, आत पाऊल टाकलं. ती म्हणाली, "ये पत्रक. बघ, मी युरेनस झाले." हरेश्वरदादा येऊन गेले होते. त्यांनाही तिनं बजावलं होतं म्हणे, दादा, मला उभं करायला जाऊ नका हं.

पण शालनमावशीला ते बघवत नव्हतं. तिचा देवावर विश्वास, पत्रिकेवर विश्वास, आणि या दोन्हींपेक्षा जास्त ताईवर. वडील गेल्यावर ताईनंच तिला वाढवलं होतं. औषधं संपत आली, डॉक्टर फक्त दुखणं कमी करू म्हणाले, तेव्हा ती एका गुरुजींकडे जाऊन आली. ताईला शनीची पीडा आहे, शांत करायला हवी, त्यांनी सांगितलं. शनिवारी ते घरी येणार होते. मला हे कळलं ते विजूमावशीकडून नाही, शालनमावशीकडूनच. तिला वाटलं होतं मी मदतीला येईन.

मी गेले ती भांडायला. हे लिहितानाही मी मवाळ होणार नाही. मरणाच्या दारातल्या माणसाच्या घरी जाऊन त्याच्या दुखण्याचं खापर आकाशातल्या ग्रहावर फोडणारे लोक मला तेव्हा चीड आणत होते, आजही आणतात. आणि इथं तर विजूमावशीच्या उशाशी शांत होणार होती! जिनं गावभर सांगितलं की शनी वायूचा गोळा आहे, तिच्याच घरात. लोक काय म्हणतील, की शेवटी तीही वळली? तिचं सगळं आयुष्य एका दुपारीत पुसलं जाईल, असं मला वाटत होतं. जिना चढताना मी वाक्यं जुळवत होते.

खोलीत शालनमावशी पलंगापाशी बसलेली, मांडीवर नऊ सुपाऱ्यांची पुडी. डोळे सुजलेले. "ताई, फक्त एवढंच करू दे," ती म्हणत होती. "मी तुला आजवर काही मागितलं नाही."

मी तोंड उघडलं. मावशीनं उशीवरूनच हात वर केला, दुकानात करायची तसाच. मग शालनमावशीला म्हणाली, "दाखव सुपाऱ्या. कोण कोण आहे?"

"सूर्य, चंद्र, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी, राहू, केतू."

"आणि पृथ्वी? आपण जिथं बसलोय तिला जागाच नाही?"

शालनमावशी गोंधळली. "पृथ्वी नसते यात."

"मांड इथं चादरीवर. सूर्य आधी, माझ्या हाताशी. मग बुध. मग शुक्र. आता चंद्राची सुपारी पृथ्वीला दे. चंद्र काही वेगळा नाही, तो तिच्या पदराला धरून फिरतो. मग मंगळ, मग गुरू. मग शनी."

"राहू-केतू उरले."

"ते ग्रहच नाहीत. चंद्राची वाट सूर्याच्या वाटेला जिथं छेदते त्या दोन जागा आहेत. त्यांची बदली कर. एक मुर्ध्याला, एक राईला."

नऊच्या नऊ पुरल्या. सूर्य आणि आठ ग्रह, पांढऱ्या चादरीच्या सुरकुत्यांमध्ये एका रांगेत. मी इतकी वर्षं तिच्याबरोबर होते, पण हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. बहुतेक तिच्याही आलं नसावं, कारण ती स्वतःच खूश झाली. मग हात लांब करून तिनं बुडावर उभी असलेली आठवी, युरेनसची सुपारी आडवी पाडली. "हा असाच."

"आता तुझा शनी दाखव, शालन."

शालनमावशीनं बोट ठेवलं.

"उचल. हातात घे. काय सांगायचंय त्याला ते तूच सांग. मधे दुसरं कुणी कशाला? मी ऐकतेय."

शालनमावशीनं सुपारी मुठीत धरली. मग अगदी लहान आवाजात म्हणाली, "माझ्या ताईला सोड."

"त्यानं धरलेलंच नाही गं मला." मावशीनं तिची मूठ आपल्या हातात घेतली. "भांडीवाल्याच्याही पुढे बसलाय तो, ताटात. आणि तेही मापानं. तिथून त्याचा हात इथवर कसा पोचेल? माझ्या अंगात गाठ झालीय, शालन. ती कुणी पाठवली नाही. तुझं काही करायचं राहिलेलं नाही. कळलं?"

तेव्हा मला उमगलं की शालनमावशीची भीती शनीची नव्हतीच. आपलं काहीतरी करायचं राहून जाईल आणि ताई त्यामुळे जाईल, याची होती. ती पलंगाच्या कडेला डोकं टेकून रडली, आणि मावशी तिच्या केसांवरून हात फिरवत राहिली. माझी जिन्यात जुळवलेली वाक्यं कामाला आली नाहीत. थोड्या वेळानं शालनमावशी उठली, तोंड धुतलं आणि गुरुजींना फोन लावला. "नका येऊ. नाही, पुढच्या शनिवारीही नाही. ताईशी बोलणं झालं माझं." मावशीनं माझ्याकडे पाहून डोळे मिचकावले... आणि लगेच दुखण्यानं तिचा चेहरा आवळला.

मला अजूनही वाटतं, त्या सुपाऱ्या घरात यायलाच नको होत्या. हे मी तिला दुसऱ्या दिवशी सांगितलंसुद्धा. ती म्हणाली, "तू अशीच राहा. पत्रकं हवीतच. फक्त शनी दगड नाही, एवढं लक्षात ठेव." आमचं शेवटचं नीट बोलणं तेच. त्यानंतर ती बहुतेक झोपेतच असायची.

ती गेल्यावर शटर बरेच दिवस खाली होतं. गल्लीतून जाताना तो भरदिवसाचा सूर्य बघवायचा नाही, म्हणून मी वाट बदलली. गेल्या आठवड्यात मात्र केमिस्टकडे काम निघालं. शुक्राचा चणा पायरीत अजून घट्ट आहे. मी मान वळवून गल्लीत पाहिलं, तर सूर्य दिसेना. शटर वर होतं.

आत काउंटरमागे शालनमावशी. गळ्यात ताईचं भिंग, समोर कुणाचीतरी फ्रेम, हातात बारीक स्क्रू. मला बघून नुसती मान हलवली, बस म्हणाली. काचेच्या काउंटरवर, कडेला, त्याच नऊ सुपाऱ्या रांगेत मांडलेल्या. चष्म्याची वाट बघत उभे असलेले एक आजोबा त्यांच्याकडे पाहत होते. बघता बघता त्यांनी सहज बोट पुढे केलं आणि आठवी सुपारी उचलून बुडावर उभी केली.

शालनमावशीनं स्क्रूवरून नजर काढली नाही. "काका, ती आडवीच राहू द्या."

"अहो, पडली होती म्हणून..."

"पडलेली नाही ती," शालनमावशी म्हणाली. फ्रेम खाली ठेवून तिनं सुपारी आडवी केली, आणि मग अगदी हलक्या बोटानं, जराशी पलीकडे कलती केली.